डाव्या खिशावरचं भोक

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तर राहू दे, आमच्या घरात पन्नास वर्षं बसलेला आहे. माझ्या नवऱ्याच्या छातीवर आलेली बंदुकीची गोळी मी अडवली. खळीने. कपड्यांना लावतात त्या साध्या खळीने.

तेव्हा मी छावणीच्या फाटकासमोरच्या लाँड्रीत कामाला होते. माझ्या हातची खळ इतकी कडक, की हँगर काढून घेतला तरी शर्ट हवेत तसाच उभा राहायचा. असा एक शर्ट घालून एक तरणाबांड लेफ्टनंट लढाईवर गेला. गोळी आली, डाव्या खिशाला भोक पाडून आत शिरली, आतल्या कापडापर्यंत पोचेतो दमली आणि पिकल्या फळासारखी टपकन त्याच्या पायाशी पडली. लेफ्टनंटने शर्ट झटकला, परत आला आणि मला मागणी घातली.

"लिहिलंस?" मी नातीला विचारलं.

"लिहितेय," वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली.

कर्नलसाहेबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, जाऊन महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पलटणीतले त्यांचे जुने साथीदार जमणार होते आणि नातीने चार शब्द बोलायचे होते. तो शर्टही न्यायचा होता, सगळ्यांना दाखवायला. तिच्या कोपराशी घडी घालून ठेवला होता.

"बाकीचं झालंय. वाचू?" तिने घसा साफ केला. "आजोबा रोज सकाळी माझ्या शाळेच्या बुटांची तपासणी करायचे. माझी वेणी दोरखंडासारखी घालायचे, रविवारपर्यंत सुटायची नाही. माझी बाहुली हरवली तेव्हा त्यांनी बागेचा नकाशा काढला, चौकोन पाडले आणि दोन दिवस रांगत एकेक चौकोन शोधला. अकराव्या चौकोनात बाहुली सापडली. ते कधी खोटं बोलले नाहीत."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझी मान आपोआप खाली गेली.

खोटं ते बोलले होते. दोनदा. दोन्ही वेळा माझ्यापायी. आणि उद्या तिथे खरोखर गोळ्या खाल्लेली माणसं बसणार होती. त्यांच्यातल्या एकाला तर एकच हात होता. त्यांच्यासमोर माझी नात हा शर्ट उंच धरणार…

"ते गोळीचं खोड," मी म्हणाले.

"का गं?"

"गोळी नव्हती. मी जाळला तो शर्ट."

तिने पेन खाली ठेवलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली, अगदी आजोबांसारखी. मग मला सांगावंच लागलं.

भर दुपारी तो लेफ्टनंट दुकानात आला होता. घामाने कपाळ चमकत होतं, कानांच्या पाळ्या लाल. म्हणाला, "उद्या परेड आहे. थांबतो इथेच, इस्त्री करून द्या."

"थांबा की. पण सावधानमध्ये नको, गिऱ्हाइकं घाबरतात," मी म्हणाले.

"सवय आहे."

"मग विश्राम म्हणू का मी?"

तो हसला… आणि चुकून खरंच पाय फाकवून उभा राहिला. मग स्वतःच्याच लक्षात येऊन पुन्हा पाय जोडले. मलाही हसू आवरेना. तेवढ्यात करपल्याचा वास आला. इस्त्री उचलली, तर खिशाचं कापड इस्त्रीलाच चिकटून आलं.

मालक आतून धावत आले. नोकरी लागून मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तोंडातून निघून गेलं, "साहेबांनी असाच आणला होता शर्ट."

मालकांनी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, तेच तर वाईट.

"हो," तो म्हणाला, "माझ्याच हातून जळला. यांना दाखवायला आणला होता."

शर्ट घेऊन तो निघून गेला. परेडला जुना, विटका शर्ट घातला म्हणून त्याला सात दिवस जादा पहारा लागला, हे मला छावणीच्या धोब्याकडून कळलं. ते सात दिवस मी फाटकाकडे पाठ करून इस्त्री केली.

आठव्या दिवशी काउंटरवर नवा कोरा शर्ट येऊन पडला.

"हा अजून जळलेला नाही," तो म्हणाला. "बघा, काही जमतंय का."

मी माफी मागायला तोंड उघडलं… आणि म्हणाले, "संध्याकाळी या."

तो आला. मग रोजच यायला लागला. एकेका रुमालाला इस्त्री करून घ्यायचा. वर्षभरात लग्न झालं, पण ती माफी राहिली ती राहिलीच. पुढे माझ्या नणंदेला ट्रंकेत तो शर्ट दिसला. "वहिनी, हे भोक कसलं?" मी म्हणाले, गोळीचं. हे दारातच उभे होते. मला वाटलं, झाली माझी शोभा. हे शांतपणे म्हणाले, "हो. थोडक्यात वाचलो."

"म्हणजे बघ," मी नातीला म्हणाले. "इतका सरळ माणूस, आणि मी त्याला खोट्यात ओढलं. जाईपर्यंत एकदासुद्धा मला म्हणता आलं नाही, की चुकले. खरं तर कोळसे नवे होते त्या दिवशी. इस्त्री फारच तापली होती, माझा काय…"

तिने वही माझ्यापुढे सरकवली. गोळीबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग शर्टाची घडी उलगडून खिसा वर धरला. भोकाला एका बाजूला इस्त्रीसारखं छान निमुळतं टोक होतं.

"आजी, मी सातवीत असताना आजोबांनी मला इस्त्री शिकवली. पहिल्याच दिवशी मी युनिफॉर्म जाळला आणि रडायला लागले. तेव्हा त्यांनी हा शर्ट काढून दाखवला. म्हणाले, तुझी आजी अजून लाजते, ती सांगेल तेव्हाच तुला कळलं असं दाखव."

मी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"आणि कोळसे नवेबिवे काही नव्हते," ती म्हणाली. "इस्त्री शर्टावर होती आणि तू त्यांच्याकडे बघत होतीस. चांगली मिनिटभर. त्यांनी मोजलं होतं. हे लिहू?"