दोन तिकिटांचे पॉइंट

"न्हाई चालत हे कार्ड! तीनदा झालं!" रूपालीनं कार्ड काउंटरवर आपटलं.

बदनापुरात स्टेशनरोडला तिचं स्वतःचं मेडिकल होतं. मागं सहा गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि समोर हा उंच, सावळा माणूस. खोकल्याच्या औषधासाठी अमेरिकेच्या बँकेचं कार्ड पुढं करणारा!

"आणखी एकदा बघा ना. पिन लागत न्हाई... पावतीवर सही करतो."

"फोनवरून द्या की! सगळं गाव देतं."

"यावर विमानाच्या तिकिटाचे पॉइंट मिळतात," तो हसला.

तिचं टाळकंच सटकलं. पण चौथ्यांदा मशीननं पावती काढली आणि त्यानं सही केली — नागसेन.

तो सात वर्षं अमेरिकेत शिकून आला होता आणि इथल्या तुरीच्या संशोधन केंद्रात वर्षभरासाठी लागला होता. मग तो रोजच यायला लागला. कधी बाम, कधी ग्लुकोज.

"एवढं काय दुखून राह्यलं तुमचं?"

"तुम्ही रागावल्या, की बरं वाटतं."

ती पाठ फिरवून गोळ्यांची पाकिटं लावायची... कान मात्र तापलेले.

थंडी सरेपर्यंत तो 'तू'वर आला होता. एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "तिथलं घर सोडलं, मंग कार्डं कशाला ठेवली?"

"मित्राच्या पत्त्यावर आहेत. बंद केली तर तिथली पत जाते. पुन्हा गेलो तर सगळं नव्यानं..." तो खुशीत होता. "आणि रूपाली, पॉइंट दोन तिकिटांचे झाले! तुझं अन् माझं. जूनमध्ये अमेरिकेला जाऊ."

तिच्या हातातली कात्री थांबली.

"मला विचारलं?"

"मला वाटलं, तू—"

"काय वाटलं? घनसावंगीहून जीपला लोंबकळत येऊन चार वर्षं दुसऱ्याच्या दुकानात उभी राह्यले, तवा हे उभं राह्यलं. अन् तुम्ही माझं तिकीट जमवत बसले? निघा!"

तो गेला. आठ दिवस फिरकला नाही. त्याचा तिला आणखीच राग आला. गिऱ्हाइकांवर खेकसली, रडू आलं म्हणून स्वतःवर चिडली.

नवव्या दिवशी तो आला. कार्ड नाही, औषध नाही.

"चुकलो. विचारायचं राहिलं, ते आता विचारतो... मी इथंच राहिलो, तर चालंल तुला? केंद्रात मुदत वाढवून मिळाली. जूनमध्ये फक्त मित्राकडं ठेवलेलं सामान आवरायला जातो. एकच तिकीट काढतो."

"एक न्हाई!" ती कडाडली.

तो दचकला.

"परतीचं बी काढ. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं मुकाट्यानं फोन पुढं केला. "तारीख?"

"वीस जून. तेवीसला घनसावंगीला यायचं, माझ्या आईला भेटायला. उशीर केला तर याद राख!"

त्याला हसू फुटलं.

"हसायचं न्हाई. बिलकुल न्हाई," ती म्हणाली. राग अजून नाकावर होता... पण काउंटरवरचा त्याचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.