मागच्या खोलीतले आजोबा

तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, आणि ताईला मी आजवर कधी थाप मारताना पाहिलेलं नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

ताई आधी नर्स होती. आता ती घरपोच रुग्णसेवेची तपासणी करते. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला ज्या कंपन्या घरी केअरटेकर पाठवतात, त्या नीट काम करतात की नाही, हे न कळवता जाऊन बघायचं.

घाणीची तिला सवय आहे. जेवताना ती आम्हाला असे किस्से सांगते, की भावोजी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.

ही गोष्ट मात्र तिने कधीच जेवताना सांगितली नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार केअरटेकरने उघडलं. चाळिशीची बाई, इस्त्रीचा गणवेश, गोड बोलणं.

"या ना मॅडम! आमच्याकडे काही लपवण्यासारखं नाही."

खरंच, पुढची खोली आरशासारखी होती. खिडकीजवळ पलंगावर आजी. केस विंचरलेले, गाऊन पांढरा शुभ्र, चेहऱ्यावर पावडर. अर्धांगाने बोलणं अडखळत होतं, पण ताईला बघून त्या हसल्या.

"यांच्या मुलाला मी रोज फोटो पाठवते," केअरटेकर म्हणाली. "तो परगावी असतो ना. एकदम खूश आहे."

सगळं छान होतं.

फक्त एक वास होता...

फिनेल, अगरबत्ती, पावडर, आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी गोडसर. सडलेलं. नर्सला तो वास सांगावा लागत नाही.

"चहा टाकते हं," म्हणून केअरटेकर स्वयंपाकघरात गेली. ताई हात धुवायला आतल्या बोळात गेली.

तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला...

"बाई... अहो बाई..."

ताई थबकली.

"कूस... कूस बदला हो..."

दार अर्धवट उघडं होतं. ताईने ते ढकललं, आणि वास थेट तिच्या तोंडावर आला. तिने नाकाला पदर लावला.

आत पडदे ओढलेले. लोखंडी खाटेवर एक म्हातारा. हाडाचा नुसता सापळा. पायजमा अंगाला चिकटलेला. गादीवर पिवळा, चिकट डाग, कडेने वाळून काळा झालेला. उशीवर जुन्या पेजेचे ओघळ, त्याला केस चिकटलेले.

एवढी घाण... पण खोलीत माशी एकही नव्हती.

ताईचं डोकंच फिरलं. पुढे शोकेस, आणि मागे हे! तिने पिशवीतले हातमोजे चढवले.

"आजोबा, मी हळूच वळवते हं तुम्हाला."

वजनच लागलं नाही. उशी उचलावी तसे ते वळले.

आणि पाठ दिसली.

माकडहाडावर वाटीएवढी जखम. काळ्या कडा. मध्ये पू, आणि पुवात पांढरं काहीतरी वळवळत होतं. खोल आत हाड दिसत होतं.

ताईला उमासा आला. तिने तो गिळला. जवळच्या टॉवेलने जमेल तेवढं पुसलं. तो टॉवेलही वाळून चामड्यासारखा कडक झाला होता.

तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं. हातमोज्यातूनही तो हात बर्फासारखा लागला.

"तिला..." ते म्हणाले. "तिला उलटून बघा..."

"कोणाला, आजोबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"लाज नाही वाटत? माणूस आहे की जनावर ते? कधीपासून धुतलं नाही आजोबांना?"

केअरटेकर कपात चहा ओतत होती. चहा ओट्यावर सांडत राहिला.

"कुठले आजोबा, मॅडम?"

"मागच्या खोलीतले!"

"मॅडम... ते तर मागच्या थंडीतच गेले."

ताईला वाटलं, ही नाटक करतेय. तिने तिला ओढतच बोळात नेलं.

दाराला बाहेरून कुलूप होतं...

"किल्ली आण."

केअरटेकरने किल्ली आणून दिली आणि मागे सरली. ताईनेच कुलूप काढलं.

आत खाट होती. नुसती. गादी गुंडाळून, दोरीने बांधून कोपऱ्यात उभी. जमिनीवर धुळीचा थर. आणि त्या धुळीत ताईच्या चपलांचे ठसे, खाटेपर्यंत गेलेले आणि परत आलेले.

बाकी एकही ठसा नाही.

"मॅडम, तुमचे हात..." केअरटेकर पुटपुटली.

ताईने खाली पाहिलं. हातमोजे पिवळ्या पुवाने ओले होते. ठिबकत होते.

केअरटेकर तिथेच भिंतीला धरून ओकली.

आणि तेव्हा ताईच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. तिला उलटून बघा... तिला म्हणजे कोणाला!

ताई पुढच्या खोलीकडे धावली. केअरटेकर तोंड पुसत मागोमाग आली. "नको मॅडम, आत्ताच आवरलंय त्यांचं. हलवलं की दुखतं त्यांना!"

"बाजूला हो."

नवे हातमोजे घालून ताईने आजींना कुशीवर घेतलं. गाऊन पुढून पांढरा होता. मागून पाठीला चिकटलेला. पाण्याने भिजवून सोडवावा लागला.

तीच जागा. माकडहाड. जखम रुपयाएवढी, पण आत पोखरत गेलेली. आणि तिच्यात सुगंधी पावडर ठासून भरली होती. पू आणि पावडर मिळून खळ झाली होती.

ताई सांगते, मागच्या खोलीतलं पाहून मळमळलं होतं, पण खरी किळस आली ती या पावडरीची. त्या गुलाबी वासाची.

"आमच्या साहेबांनी सांगितलं होतं," केअरटेकर रडत होती. "फोटोत पुढून नीट दिसलं पाहिजे, बस."

ताईने तिथूनच मुलाला फोन लावला.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "रोज फोटो येतो की!"

"पाठीचा येतो का?" ताईने विचारलं.



आजींना त्याच दुपारी इस्पितळात हलवलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर विष रक्तात भिनलं असतं. आजी वाचल्या. कंपनीचा परवाना गेला. त्या साहेबावर खटला चालू आहे.

आजींना नीट बोलता यायला लागल्यावर ताईने त्यांना आजोबांबद्दल विचारलं. आपण काय पाहिलं, ते नाही सांगितलं. फक्त एवढंच, "ते हाका मारायचे का हो, कोणी लक्ष देत नव्हतं तेव्हा?"



"हाका कशा मारतील, बाळ? ह्यांची वाचाच गेली होती. शेवटचं वर्षभर तोंडातून शब्द नाही."



आता आजी मुलीच्या घरी असतात. जखम भरलीय. मुलगी सगळं स्वतःच्या हाताने करते. मागच्या महिन्यात तिचा ताईला फोन आला. मी शेजारीच बसले होते, ताईने स्पीकर लावला.

"मॅडम, आईला स्वतःहून वळता येत नाही ना?"

"नाही. का गं?"

"मी दुपारी तिला उताणी झोपवून जरा पडते. उठून बघते तर ती कुशीवर असते. रोज. पाठीला उशीसुद्धा लावलेली. घरात दुसरं कोणी नाही. तिला विचारलं तर नुसती हसते."

ताईने फोन जवळ ओढला.

"आणि मॅडम... चादरीवर डाग पडतात. पिवळे, चिकट. कितीही धुतले तरी जात नाहीत."

"कसे डाग?" ताईने विचारलं.



"हाताचे," ती म्हणाली. "दोन हातांचे."