शेजारच्यानं सांगायचं

"दादा, आज मेळाव्याला तू येऊ नको."

सूर्यभान आरशासमोर उभा राहून पांढऱ्या शर्टाची गुंडी लावत होता. बोटं तिथंच थांबली. दारात धाकटा भाऊ गहिनीनाथ उभा होता. अंगात काळा कोट, छातीवर पदकांची ओळ, दाढी तुळतुळीत. ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झालेला, तिसगावच्या माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष!

"का रे?"

"नियमात बसत न्हाई. तू मधूनच सुटून आला, पेन्शन न्हाई. कागदोपत्री तुला माजी सैनिक धरत न्हाईत. कुनी हरकत घेतली तर तुझाच अपमान हुईल. तुझ्यासाठीच सांगतोय."

"मी खुर्ची मागत न्हाई. मागं सतरंजीवर बसंन. माझा रणगाड्यावरचा दोस्त अजीज येतोय कोल्हारवरनं. त्यानं फोन केल्ता, तू असशील तरच येतो म्हनला."

गहिनीनाथचा चेहरा जरासा उतरला. "तेच म्हनतो मी... अजीजभाई जुना मानूस. काय बोलंल, काय न्हाई..."

आता सूर्यभानला सगळं कळलं. नियम नव्हता, हरकत नव्हती. भावाला भीती होती ती अजीजच्या तोंडाची!

त्यानं तोंड पुन्हा आरशाकडं फिरवलं. गहिनीनाथ अंगण ओलांडून आपल्या घरात निघून गेला. दोघा भावांची घरं समोरासमोर होती, मधे एकच अंगण होतं. एकेकाळी त्या अंगणात राहीबाईचा, सूर्यभानच्या बायकोचा, दिवसभर राबता असायचा. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सूर्यभान चहा स्वतः करायचा, आणि अजूनही कधीकधी दोघांचा करून बसायचा...

असं काय झालं होतं दोघा भावांत?

दोघेही फौजेत होते. सूर्यभान रणगाडा चालवायचा. गहिनीनाथ पायदळात. वडील आधीच वारले होते, घरी आई आणि राहीबाई. एका पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. शेत, जनावरं, आईचं सारं अंथरुणातलं... राहीबाई एकटी किती करणार? दोघांपैकी एकाला माघारी यायलाच हवं होतं. खरं तर पाळी गहिनीनाथची होती. त्याची नोकरी नवी होती, गमावण्यासारखं त्याच्याकडं फारसं काही नव्हतं. सूर्यभानला हवालदाराची फीत मिळायची होती, पेन्शनीची वर्षंही दृष्टीच्या टप्प्यात आली होती. पण दोघं रजेवर आले तेव्हा नगरच्या एसटी स्टँडवर गहिनीनाथ लहान पोरासारखा रडला. "दादा, मला माघारी नको बोलवू. मला दुसरं काय येतंय? मी गावात मरून जाईन रे..." त्याला कवेत घेऊन सूर्यभान म्हणाला, "गप. मी येतो."

आणि तो आला. स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडून, हात हलवत घरी आला!

त्याचं त्याला कधी दुःख झालं नाही. दुःख झालं ते पुढं, गहिनीनाथच्या सोयरिकीच्या वेळी. सोनईचे पाहुणे ज्योतीचं स्थळ घेऊन आले होते. मुलीला आल्या दिवसापासून सासूचं हगणंमुतणं काढावं लागणार हे कळलं असतं तर पाहुणे चहा न घेताच उठले असते. म्हणून त्या दिवशी आईला शेजाऱ्यांच्या घरात नेऊन निजवलं होतं आणि राहीबाई तिथंच तिच्या उशाशी बसली होती. बोलता बोलता मुलीच्या मामांनी विचारलं, "थोरले मधूनच कसे काय आले हो फौजेतून?"

आईचं नाव घ्यायची सोय नव्हती. सूर्यभान भावाकडं बघत राहिला. गहिनीनाथनं खाली बघून सांगितलं, "दादाला... फौज झेपली न्हाई."

सूर्यभाननं मान हलवली. भावाचं लग्न जमत होतं. एका वाक्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं!

पण ते वाक्य बैठकीतून उठलं आणि गावभर झालं. आईचं दुखणं गावाला ठाऊक होतं, पण सख्खा भाऊच म्हणतो म्हटल्यावर तेच खरं ठरलं. पळून आला, बंदुकीला भ्याला, पोरं तर तोंडावर 'पळपुटा फौजी' म्हणायची. लग्नानंतर महिन्याभरात आईचं खरं दुखणं ज्योतीला दिसलंच, पण तिला सांगितलं की आई आत्ताच पडली. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं... आणि दर सुट्टीत गहिनीनाथ यायचा, मिठाई वाटायचा, गावात मिरवायचा, आणि ते वाक्य मागं घ्यायचं तेवढं विसरायचा.

सूर्यभाननं सोसलं. राहीबाईला सोसेना. पिठाच्या गिरणीवर एकदा एक बाई तिला म्हणाली, "फौजीन कसली गं तू? तुझा तर वाटेतूनच माघारी पळाला." त्या दिवशी राहीबाई दळण तिथंच टाकून घरी आली. "अहो, एकदा तरी सांगा की लोकांना खरं! मी म्हातारीचं केलं त्याचं काई न्हाई. पन तुमाला कोन भित्रा म्हनलं की मला जेवन जात न्हाई..."

"गहिनी सांगंल," सूर्यभान म्हणायचा. "त्याच्या तोंडून निघालंय, त्याच्याच तोंडून माघारी जाऊ दे."

गहिनी सांगेल, गहिनी सांगेल, म्हणता म्हणता राहीबाई गेली. गहिनीनं सांगितलं नाही! आणि आज तर दारात येऊन तो म्हणत होता, येऊ नको...

सूर्यभाननं उरलेली गुंडी लावली, चपला घातल्या आणि तो मंगल कार्यालयाच्या वाटेला लागला.

कार्यालय भरलं होतं, मागं सारा गाव लोटला होता, एका बाजूला बायका बसल्या होत्या. पाथर्डी, शेवगाव, नेवाशाकडचे म्हातारे फौजी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. तरुणपणी कुठं कुठं एकत्र होतो ते आठवत होते. अजीजनं सूर्यभानला दारातच मिठी मारली.

"सूर्या! अरे वाळलास किती! आणि भाभी?"

"गेली."

अजीजचे हात सैल पडले. त्यानं सूर्यभानचं मनगट धरलं ते नंतर सारा वेळ सोडलं नाही.

"आले टँकवाले, वाट सोडा!" मागून एक पायदळातला म्हातारा ओरडला. "आमी आयुष्यभर चाललो आन् हे बसून लढले!"

"तुमी चालला म्हनून तर बारीक राहिला चाचा," अजीज म्हणाला, "आमच्याच पोटाचे हाल झाले बघा." सगळे हसले. सूर्यभानही हसला. किती दिवसांनी!

या मेळाव्याची एक रीत होती. इथं स्वतःच्या नोकरीबद्दल कुणी स्वतः बोलायचं नाही. पूर्वी ज्याच्या हातात माइक जाई तो एकटाच लढाई जिंकून मोकळा होई, म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं की शेजारी बसलेल्यानं उठायचं आणि शेजारच्याचं सांगायचं. नुसतं नाव-गाव सांगून भागायचं नाही, त्याचं काय आवडलं तेही सांगायचं. त्यामुळं होई असं, की आयुष्यात ज्यांच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता असे म्हातारे खाली मान घालून स्वतःचं कौतुक ऐकत आणि फेट्याच्या टोकानं डोळे पुसत.

अजीजचा आवाज खणखणीत, म्हणून माइक त्याच्याकडंच दिला होता. पहिलाच तो सूर्यभानबद्दल बोलायला उभा राहिला, तशी बाजूनं कुजबुज झाली. "ते माजी सैनिकात बसत न्हाईत," कुणीतरी म्हणालं.

"रणगाड्यात बसत हुता ना? मग हितं बी बसंल!" अजीजनं सुनावलं. "ऐका. राजस्थानात कालवा ओलांडायचा सराव चालला हुता. आमचा रणगाडा गाळात रुतला. पानी आत यायला लागलं. इंजिन बंद पडलं असतं तर आमी सगळे आतच संपलो असतो. ह्यो ड्रायव्हर, सगळ्यात खाली बसलेला. पानी छातीला लागलं तरी ह्यानं ॲक्सिलेटरवरचा पाय काढला न्हाई. आमी एकेक वरनं निघालो, मग ह्याला वढून काढला. आज माझी नातवंडं मला दादा म्हनतात ना, ती ह्याच्या त्या पायामुळं!" त्यानं सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो फौज सोडून गेला त्या दिवशी बराकीत ढसाढसा रडत हुता. का चाललास, मी लई विचारलं. बोलला न्हाई. मला आजपातूर ठाऊक न्हाई."

व्यासपीठावर बसलेल्या गहिनीनाथनं रुमालानं कपाळ पुसलं. ज्याच्या तोंडाची त्याला एवढी धास्ती होती, त्या अजीजला काही माहीतच नव्हतं! मोठ्या भावानं आपल्या जिवाभावाच्या दोस्तापाशीही धाकट्याचं नाव काढलं नव्हतं...

ओळखी होत गेल्या. शेवटी अध्यक्षांची पाळी आली आणि अजीज आपल्या भोळेपणात म्हणाला, "कॅप्टनसाहेबांचं सांगायला सख्ख्या भावापेक्षा जवळचा शेजारी कोन? ये सूर्या!"

माइक सूर्यभानच्या हातात आला.

समोर सारा गाव होता. गिरणीवरचे, पारावरचे, हसणारे सगळे. राहीबाईनं ज्या घटकेची जन्मभर वाट बघितली, ती घटका ही होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त... नजर फिरवता फिरवता ती बायकांच्या बाजूला गेली. तिथं ज्योती बसली होती. ज्योती! राहीबाईला शेवटी कूस वळवता येत नव्हती, तेव्हा तिला न्हाऊ घालणारी, तिचे केस विंचरणारी, घास भरवणारी. बोललो तर हिचं लग्नच कसं जमलं ते चारचौघांत उघडं पडेल. ह्या पोरीनं काय पाप केलं?

"ह्यो माझा धाकटा भाऊ," सूर्यभान बोलू लागला. "वर बर्फात हुता. जखमी गड्याला पाठीवर घेऊन हा खाली उतरला, स्वतःच्या पायाची बोटं गारठून गेली तरी थांबला न्हाई. घरी आला की उन्हाळ्यात बी मोजे घालून बसायचा. आईला कळू नये म्हनून. तिला वाटायचं, पोरगा साहेब झाला, म्हनून मोजे घालतो." लोक हसले, मग गप्प झाले. "आई गेली तवा बी ह्यो तिथंच हुता. मी चितेला अग्नी दिला आन् ह्यो तिकडं पहाऱ्यावर. मला ह्याचं काय आवडलं? ह्यो तिथनं कधी मागं सरला न्हाई. त्याला तिथं राहता यावं म्हनून..."

तो थांबला. सगळं कार्यालय थांबलं.

"...देवानं त्याला चांगलं ठिवावं. एवढंच."

तो खाली येऊन बसला. टाळ्या सुरू झाल्या, तोच बायकांच्या बाजूनं ज्योती उठून उभी राहिली. पदर सावरून ती सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "अहो, आता तरी बोला. का तुमच्या वाटचं खरं बी त्यांनीच सांगायचं?"

गहिनीनाथ उठला. "साहेब, स्वतःचं बोलायची रीत न्हाई," कुणीतरी आठवण केली.

"आज मोडू द्या," तो म्हणाला. "माझा दादा पळून आला न्हाई. आईसाठी एकानं यायचं हुतं. यायला मी पायजे हुतो. मी रडलो, म्हनून तो आला. आन् माझ्या सोयरिकीत मी सांगितलं, त्याला झेपली न्हाई... तो समोर बसला हुता. मान हलवून व्हय म्हनला! ही पदकं, ही पेन्शन, ही खुर्ची, समदं त्याचं हाय. मी... मी चोर हाय!"

तो ओक्साबोक्शी रडू लागला. म्हातारे फौजी एकामागून एक उभे राहिले आणि सूर्यभानकडं तोंड करून टाळ्या वाजवू लागले. अजीज तर त्याला गदागदा हलवत होता. पण सूर्यभानला आनंद झाला नाही. त्याला नुसतं एवढंच वाटलं, याला एवढी गर्दी कशाला लागली? अंगण ओलांडून एकदा माझ्या दारात यायचं होतं. ती असताना यायचं होतं...

गहिनीनाथ व्यासपीठावरून उतरून त्याच्या पायाशी आला. "दादा, माफ कर!"

"ज्यांची माफी मागायची ती मानसं गेली रे, गहिन्या," सूर्यभान एवढंच म्हणाला. "ती म्हनायची, एकदा तरी सांगा. तिनं ऐकायला पायजे हुतं."

तेव्हा ज्योती जवळ आली. तिचे डोळे वाहत होते. "दादा, मला जाऊबाईंनी समदं सांगितलं हुतं. शेवटच्या दुखन्यात. मी त्यांचं पाय धरलं. म्हनलं, मी आत्ता जाऊन ह्यांना जाब विचारते. तर मला धरून बसवलं. म्हनल्या, भांडन लावू नको, तुझा नवरा बोलंल तवा बोलंल. दोघं भाऊ तुटले तर हे एकटे पडतील... आन् म्हनल्या, आता एकीला तरी कळलं, मला बरं वाटलं. त्या रात्री त्या जेवल्या, दादा. मागून भाकर घेतली."

राहीबाईच्या अंत्ययात्रेत कोरडा राहिलेला सूर्यभान तिथं, साऱ्या फौजेच्या मधे, दोन्ही हातांत तोंड झाकून रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही.

बाहेर पंगत बसली होती. वाढपी ताटकळले होते. अजीजनं त्याला धरून नेलं आणि सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. गहिनीनाथ दारापाशीच उभा होता, पंगतीला यावं की घरी जावं हे न कळून. कोट काढून त्यानं हातावर घेतला होता. कुणी त्याला बोलवत नव्हतं.

सूर्यभाननं त्याच्याकडं बघितलं. माफ केलं, असं त्याच्या तोंडून आलं नाही. त्याच्या मनातही ते अजून आलं नव्हतं. तो नुसता अजीजच्या बाजूला थोडा सरकला आणि सतरंजीवर एका माणसाची जागा झाली.