दोन बोटांचे अंतर

डॉ. विश्राम खासनीस यांचा देवावर विश्वास नव्हता, आणि हे समोरच्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. घाटमाथ्यावरच्या वाहनसुरक्षा प्रयोगशाळेतले सगळे ते निमूटपणे ऐकून घेत, कारण माणसाच्या मानेबद्दल त्यांच्याइतके कुणालाच कळत नव्हते.

मान हा विषय त्यांच्या घरातूनच आला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आई, इंदुताई, गाडी चालवत घाट चढत होत्या. म्हसोबाच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला, नेहमीसारखी नमस्काराला मान पुढे झुकवली आणि मागून टेम्पो आदळला. जीव वाचला, पण मानेत पट्टी आणि स्क्रू आले. आता ती मान वाकत नाही. तरी रोज सकाळी दारात उभ्या राहून त्या सांगत, "वळणावर माझा नमस्कार सांग हो त्याला."

"मी काही पोस्टमन नाही, आई," असे म्हणून विश्राम निघत.

त्या रागातून 'चलशिराधार', म्हणजे डोक्याबरोबर पुढेमागे सरकणारा आसनाचा आधार, जन्माला आला. विश्राम रोज सकाळी त्याच आसनावर बसून घाट चढत; आज त्याची शेवटची चाचणी फेरी होती. उद्या मंजुरी समिती येणार होती. स्वयंचालित गाडी घाट चढू लागली. शेजारी संगणक-अभियंता नसीमा मुलाणी पडद्यावरचे आकडे पाहत होती.

"समितीला सोप्या शब्दांत काय सांगायचं, सर?"

"मागून धक्का बसला की आसन धडाला पुढे ढकलतं, डोकं मात्र मागे राहतं. मग मान मुरगळते. म्हणून आधाराची कड माथ्याइतकी उंच हवी आणि डोक्यामागे फार तर दोन बोटांचं अंतर. लोक ते एकदाही जुळवत नाहीत."

"आणि डोकं पुढे झुकलं तर?"

"आधाराने मागोमाग यायला हवं. पण मोटरला वेळ लागतो. म्हणून तो बसणाऱ्याच्या सवयी शिकतो आणि त्याच्या आधी—"

पाठीमागून आधाराचा डोक्यावर टप्पकन धक्का बसला. विश्रामांची मान खाली गेली. खिडकीबाहेर म्हसोबाचा शेंदूर मागे सरकत होता.

ते संतापले. "हजारो भाविकांच्या माना भरल्या आहेस ना यात? नास्तिकालाही नमस्कार करायला लावतंय! उद्या हे समितीपुढे झालं तर सगळं बासनात गुंडाळलं जाईल."

नसीमा जरा घुटमळली. "सर, इतरांच्या सवयींची सामायिक स्मृती अजून जोडलेली नाही. या आसनाला एकच मान माहीत आहे."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. एकशे बेचाळीस सकाळी, हेच वळण. प्रत्येक वेळी डोके अकरा सेंटिमीटर पुढे.

"यंत्र चुकलं नाही. आज बोलण्याच्या नादात झुकायला तुम्हीच चुकलात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

विश्रामांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त भरून आले. मग ते म्हणाले, "डोकं खरंच हलल्याची खूण मिळेपर्यंत त्याला थांबायला शिकव. आज होईल?"

"संध्याकाळपर्यंत होईल, सर."

त्यांनी घरी फोन लावला.

"आई, तुझा नमस्कार पोचतोय."

"कधीपासून रे?"

"रोजच," विश्राम म्हणाले. "मलाही आत्ताच कळलं."