पेरांवरची मिनिटे

वेंगुर्ल्याच्या नियंत्रण कक्षात कुणाचेच चहाकडे लक्ष नव्हते. समुद्राखाली साठ मीटरवर अडकलेली पाणघंटा, म्हणजे दाबाची हवा भरलेली लोखंडी खोली, नुकतीच सुटली होती, आणि तिच्यात दोन पाणबुडे होते. त्यांतला एक, कक्षात काम करणाऱ्या वृंदा कासारचा धाकटा भाऊ, मोरेश्वर.

घंटेतली हवा ‘गणक’ सांभाळत असे. हे नवे यंत्र स्वतः शिकत असे आणि मोजायचे कसे हेही स्वतःच ठरवत असे. त्याचे आकडे माणसांच्या दशमानात आणायला मध्ये एक रूपांतरक बसवला होता. तो नेमका आज कुणाच्या नकळत बंद पडला, आणि घंटेशी बोलणेही तुटले.

पडद्यावर आले: हवा ४० मिनिटे.

“सावकाश वर आणायला बेचाळीस लागतात,” प्रमुख रेगेसाहेब म्हणाले. “एकदम ओढा. जलद विंच तयार करा!”

“साहेब, एकदम ओढलं तर रक्तात बुडबुडे होतील. दोघं जन्माचे पांगळे होतील,” वृंदा म्हणाली.

“आणि हवा संपली तर?”

दोर ओढणारा विंच तयार व्हायला तीन मिनिटे लागणार होती. तेवढ्यात ४० गेले आणि ३ आले, त्याच्यापुढे एक त्रिकोण. मग ३ आणि एक टिंब. मग ३९.

“यंत्रच बिघडलंय,” साहेब चिडले.

वृंदाचा अंगठा मात्र बोटांच्या पेरांवर फिरत होता. ही सवय आईची. आई जत्रेत बांगड्या विकायची; चार बोटांची तीन-तीन पेरे अंगठ्याने मोजली की झाला डझन. कक्षातले लोक यावरून वृंदाला चिडवत, पण तिने कधी हात लपवला नाही.

“साहेब, चाळीस आणि एकोणचाळीसच्या मध्ये दोन पायऱ्या जास्त आल्या. हे दहानं नाही, बारानं मोजतंय! त्रिकोण म्हणजे अकरा, टिंब म्हणजे दहा. ४० म्हणजे चार डझन, अठ्ठेचाळीस. आता ३९, म्हणजे तीन डझन नऊ. पंचेचाळीस मिनिटं आहेत. सावकाशच आणा.”

“खात्री आहे?”

“माझा भाऊ आहे आत.”

बेचाळीस मिनिटांनी मोरेश्वर धडधाकट बाहेर आला आणि त्याने आधी चहा मागितला. वृंदाने आईला फोन लावला.

“आई, तुझ्या पेरांनी आज मोऱ्याला वाचवलं गं,” एवढे बोलताच तिला रडूच आले. अभिमानाने.

“माझी मोजणी कधी चुकलीय?” आई म्हणाली.

संध्याकाळी साहेबांनी गणकाची नोंद उघडली. बाराचा पाया त्याने सहा महिन्यांपूर्वी स्वीकारला होता. कारणाच्या रकान्यात गणित नव्हते, एक चित्र होते: कक्षातल्या कॅमेऱ्याने टिपलेला वृंदाचा हात, पेरावर टेकलेला अंगठा.

वृंदा बराच वेळ ते चित्र पाहत राहिली. ज्याला बोटेच नाहीत, त्याने तिच्या आईची मोजणी उचलली होती. आणखी काय काय उचलले असेल त्याने, आणि कुणाकुणाकडून?