सोमवारचा रिपोर्ट

तिसरं प्रेत बाहेर काढत असतानाच आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई वृद्धाश्रमात शिरल्या. कुणी रडत नव्हतं. रडायला कुणात त्राणच उरलं नव्हतं.

मेट्रन गरम पाण्याचा घोट घेत, घसा बसलेल्या आवाजात म्हणाली, "साथ या धुणेवालीनं आणली. हिची एकटीचीच तपासणी झालेली नाही, आणि खोकतेय बघा. आजच कामावरून काढून टाकतेय. आमचे सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत."

धुणेवाली मावशी भिंतीला टेकून उभी होती. घरात कमावणारी ती एकटी.

"खोकला कधीपासून, मावशी?" बाईंनी विचारलं.

"तेरा तारखेपासून. चार नंबरच्या खोलीतल्या आजोबांच्या चादरी बदलल्या, त्यानंतर."

"आजोबा कधी आजारी पडले?"

"नऊला. तिघंही नऊ-दहालाच."

बाईंनी वही उघडली. गेलेले तिघेही ठार बहिरे होते.

"यांना जेवण कोण भरवायचं?"

"मीच," मेट्रन म्हणाली. "ओठ दिसल्याशिवाय त्यांना बोललेलं कळत नाही. म्हणून मास्क काढते. आमचा नियमच आहे, रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर आठवडाभर मास्क नसला तरी चालतं."

"तुमची तपासणी कधीची?"

"चार तारखेची, सोमवारची. रविवारी बहिणीकडे गेले होते, तिला ताप होता. म्हणून दुसऱ्याच दिवशी तपासून घेतलं. हयगय नाही केली मी."

बाईंनी वही मिटली.

"दुसऱ्याच दिवशी केलीत, तिथंच घात झाला. विषाणू अंगात वाढून सापडायला काही दिवस जातात. सोमवारचा रिपोर्ट सोमवारपुरता खरा होता. बुधवारी, गुरुवारी काय, ते त्याला कुठून ठाऊक? मावशीला खोकला झाला तो आजोबा आजारी पडल्यावर. त्यांच्याआधी आजारी माणसाजवळ बसून आलेल्या फक्त तुम्ही. घसा कधी बसला?"

मेट्रननं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गुरुवारी," मेट्रन म्हणाली. "पुन्हा तपासावं, असं आलं होतं मनात. पण तसं केलं तर रिपोर्ट येईपर्यंत मास्क लावावा लागला असता. आजोबा जेवले नसते." मग तिनं विचारलं, "म्हणजे मीच?"

"हो."

तिचा चेहरा हललासुद्धा नाही. बाईंना तिची कीव आली आणि रागही आला.

मावशीनं पदरानं तोंड झाकून खोकला दाबला.

"बाई, मग खोकला गेल्यावर मी येऊ ना कामाला?"