रिकामा डबा

दिवेलागणीला असलं काही बोलू नये, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. पण आज देवापुढं समई लावली आणि वाटलं, हिच्याच उजेडात एकदा सगळं लिहून काढावं. जे झालं ते अंधारात झालंच नाही. भर दुपारी, दोनच्या सुमाराला, शंभर माणसं अवतीभवती असताना झालं.

त्या रविवारी पहाटे मी शिरा भाजत होते. बारामतीत बुद्धिबळाची ओपन स्पर्धा होती, तिचा शेवटचा दिवस. माझी वृषाली तेव्हा नववीत. आमचं घर डाळजला, पेरूची बाग आहे; पण स्पर्धेचे तीन दिवस आम्ही दोघी जळोचीला नणंदेकडं उतरलो होतो. मार्गशीर्ष चालू होता. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे गुरुवार चुकलेले नाहीत, आणि त्या महिन्यात माझा एक नेम असतो. समोर आलेल्या उपाशी जिवाला विन्मुख पाठवायचं नाही. मग तो कुणी का असेना.

नणंद उठून आली, कढईत डोकावली. "वैनी, एवढा शिरा? पोरगी पट खेळाय चाललीय का पंगत बसवाय?"

"असू द्या हो वन्सं. लांबलांबची पोरं येतात, उपाशीच बसतात."

आदल्या दिवशी मी स्पर्धेच्या हॉलबाहेरच्या अख्ख्या व्हरांड्याला शिरा वाटला होता. पोरं मला 'शिऱ्याच्या मावशी' म्हणायला लागली होती. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

वृषालीचं मात्र त्या दिवशी सगळंच टांगलेलं होतं. पुण्याच्या एका शिक्षकांनी सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आली तर माझ्याकडं पाठवा, मी शिकवतो. आणि आमच्या ह्यांनी निघताना सांगितलं होतं, "नंबर आला तर पुणे. न्हायतर पट गुंडाळून माळ्यावर, न् दहावीचा अभ्यास." रात्रभर पांघरुणात पोरीची बोटं हलत होती, हवेतच घोडे नाचवत होती.

आठवी फेरी झाली. ती जिंकली. आता नववी जिंकली तरच तिसरी, बरोबरी झाली तरी बाहेर. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, शिरा नको म्हणाली आणि पुढचा डाव कुणाशी ते सांगणारा जोड्यांचा कागद लागतो का बघायला आत पळाली. मी व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन बसले. माझा तीन खणांचा स्टीलचा डबा, वरच्या खणात शिरा. इतर आयाबाया खिडक्यांपाशी गेल्या होत्या. बाहेरच्या गाड्यावरचे वडे कधीच संपले होते.

पावणेदोन वाजता आतून सगळ्यांत शेवटी एक मुलगी बाहेर आली. काडीसारखी, दोन वेण्या, शाळेचा मरून स्वेटर, कोपरावर रफू केलेला. हातात निळी कापडी पिशवी, मुठीएवढी. तीन दिवस मी तिला बघत होते. तिचे वडील सकाळी ट्रॅक्टरनं सोडायचे. पोर डाव संपला की पायरीवर एकटी बसायची.

"शिऱ्याच्या मावशी तुमीच का?"

"व्हय गं. तुझं नाव काय?"

"सारजा. लोणी भापकरची."

"एवढीशी पोर न् नाव आजीचं?"

"आजीचंच हाय की. आजी म्हणती, मोठी झालीस की माघारी दे माझं नाव." ती हसली. ओठ कोरडे पडले होते. "मावशी, दादा डबा घिऊन येणार व्हते. ऊस घिऊन कारखान्याव गेल्यात, नंबरच लागना त्यांचा. माझा डाव बी लांबला. मला येळेवर खावं लागतं... थोडंसंच द्या."

मी "ये बाळा, बस" म्हणाले. डब्याची कडी काढली. झाकण अर्धवट उचललं, माझ्या बाजूनं. तुपाचा, वेलदोड्याचा वास वर आला. तेवढ्यात वृषाली पळत आली.

"आई, जोड्या लागल्या!"

समोरच्या मुलीला बघून ती थबकली. मला खांद्याला धरून बाजूला वळवलं आणि कानाशी लागली. "हीच हाय माझ्यासमोर. पांढरी मोहरी हिची. आई, ही आजून एक बी डाव हरली न्हाय..."

मी वाईट बाई नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. पोटात नसलं तर डोकं जरा कमी चालेल, असा विचार मी मनात आणला, असंही नाही. जो काही विचार केला तो हातानं केला. हातानं झाकण खाली दाबलं. हातानं कडी लावली.

"संपलं गं बाळा," मी म्हणाले. "डबा रिकामा हाय."

ती डब्याकडं बघत राहिली.

"वास येतोय, मावशी..."

"नुसता वास राह्यलाय."

तिनं मान हलवली. रागावली नाही, रुसली नाही. निळी पिशवी स्वेटरच्या खिशात घातली.

"बरं, मावशी."

वृषालीनं हे सगळं ऐकलं होतं. तिला ठाऊक होतं डब्यात काय आहे ते. ती माझ्याकडं न बघता आत गेली.

आईबापांना आत सोडत नाहीत. मी खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी राहिले. त्या दोघींचा पट खिडकीजवळच होता. एवढ्या माणसांत एकच आवाज, घड्याळांच्या बटणांचा. टक. टक. मला खेळातलं फार कळत नाही, पण माझ्या पोरीची पाठ मला वाचता येते. तासाभरात तिची पाठ वाकली. पटाबाहेर काळी मोहरी वाढत चालली होती.

मग सारजाचा हात थरथरायला लागला. डिसेंबरची हवा, तरी तिच्या कानाखालून घाम ओघळत होता. तिनं हत्ती उचलला, दोन घरांच्या मध्येच टेकवला, पुन्हा नीट ठेवला. एक प्यादं स्वेटरच्या बाहीला लागून आडवं झालं. पुढच्या चालीला तिनं हातच उचलला नाही. कपाळ तळहातावर टेकवून ती पटाकडं बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, विचार करतेय. मलाही वाटलं. खरं तर मी वाटून घेतलं. तिच्या घड्याळातले आकडे उतरत होते आणि मी ओठातल्या ओठात देवीचं नाव घेत होते.

पंच आले. म्हणाले, "वेळ संपली. काळा जिंकला."

वृषालीनं हात पुढं केला. सारजानं डोळे उघडे ठेवूनच तो हातात घेतला. आणि खुर्चीवरून घसरली.

तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी फाटकात ट्रॅक्टर थांबला. तिचे वडील बाजीराव उतरले. केसात उसाचं पाचट, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ते थेट व्हरांड्यात आले. अजून त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

"सारजा कुठं हाय? खाल्लं का तिनं काय? निळ्या पिशवीतली दुपारची सुई टोचून घेतली असंल, साखरंची. सुईव उपाशी ऱ्हाता येत न्हाय तिला. कुणी दिलं का वो पोरीला खायाला?"

ते माझ्याकडं बघून विचारत होते. डबा माझ्या खांद्याच्या पिशवीत होता. जड होता.

"मला न्हाय माहीत, दादा," मी म्हणाले.

वृषाली तिसरी आली. चषक घेताना ती हसली नाही. ह्यांनी डाळजला गल्लीभर पेरू वाटले. संध्याकाळी मी डबा घासायला काढला. कडी तशीच लागलेली. वरचा खण उघडला तर आत काहीच नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, तुपाचा ओशटपणा नाही, रव्याचा कण नाही. कुणी बोटानं पुसून, चाटून घेतल्यासारखा कोरडा. फक्त वास.

"तू खाल्लास का गं शिरा?"

"न्हाय," वृषाली म्हणाली. मग म्हणाली, "आई, ती मला पाच चालीत मात करणार व्हती. मला दिसत व्हतं."

बुधवारी कळलं, सारजा गेली. शुद्धीवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी माझा शेवटचा गुरुवार, उद्यापन. पाच कुमारिका बोलावल्या, त्यांचे पाय धुतले. देवळात नैवेद्य न्यायला त्याच डब्यात शिरा भरला. गाभाऱ्यापुढं झाकण उघडलं... पुजारी म्हणाले, "वैनी, रिकामाच आणला?"

मी तो डबा टाकला. नवा आणला. काही उपयोग झाला नाही. शाळेच्या दिवशी डबा भरलेला असतो. ज्या दिवशी वृषालीचा डाव असतो, त्या दिवशी दुपारी रिकामा. सुट्टीच्या दिवशी ती माझा डबा घेऊन पुण्याला खेळायला जायची; तिथून तिचे फोन यायचे, "आई, आजपण नुसता वास भरून दिलास?" आधी चेष्टेत म्हणायची. मग चेष्टा राहिली नाही. कॅन्टीनचं ताट समोर घेतलं तर दोन घासांवर हात थांबतो. भूक लागते, पण घास उतरत नाही म्हणते. रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या. साखर चांगली, सगळं चांगलं. पोरगी मात्र वाळत चाललीय. आणि खेळते अशी, की लोक तोंडात बोटं घालतात. वर्षभरात एकही डाव हरली नाही.

मी लोणी भापकरला गेले. कबूल करायचं, पाय धरायचे, असं ठरवून गेले. ओसरीत आजी बसली होती, थोरली सारजा. मी कोण तेवढं सांगितलं, तर म्हणाली, "नाव माघारी दिलं बघ पोरीनं माझं. मी नको म्हणलं असतं..." मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं, केवढी मायेची बाई. बाजीरावांनी आत बघून हाक दिली, "पावण्यास्नी वाढा गं. लांबनं आल्यात, उपाशी जाऊ नका म्हणावं." माझ्यापुढं पिठलं-भाकरीचं ताट आलं. मी जेवले. त्या घरात बसून पोटभर जेवले, आणि न सांगताच परत आले.

तरी मी आशा सोडलेली नव्हती. देवी आई आहे, आईला आईचं कळतं. उपास वाढवले. कुणी उपाशी दिसलं की हात धरून जेवू घातलं.

मागच्या रविवारी इंदापूरला स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्या होत्या. मी ठरवलं, आज डबा हातातून सोडायचाच नाही. सकाळपासून मांडीवर घेऊन बसले, दोन्ही तळवे झाकणावर. आत शिरा होता, चांगला जड, तळ कोमट लागत होता. बारा वाजले, एक वाजला. वृषालीचा आठवा डाव लांबला. आजूबाजूच्या बायका खिडक्यांकडं गेल्या. व्हरांडा मोकळा झाला. उन्हाची तिरीप पायरीवर होती, आणि कुणी नव्हतं.

पावणेदोन वाजता मांडीवरचं ओझं हललं. मांडीवर बसलेलं लेकरू हळूच उठून जावं ना, तसं. मी कडी दाबून धरली होती. माझी बोटं पांढरी पडली होती. वेलदोड्याचा वास वर आला, आणि डबा हलका झाला.

मी उघडून बघितला. स्टीलच्या तळावर चार बारीक बोटांच्या रेघा होत्या. अजून ओल्या.

तेवढ्यात आतून सगळ्यांत शेवटी वृषाली बाहेर आली. सावकाश चालत माझ्यापुढं उभी राहिली. ओठ कोरडे, कानाखाली घाम. तिची नजर माझ्या तोंडाकडं नव्हती, डब्याकडं होती.

"काय खायला हाय का?" ती म्हणाली. "थोडंसंच द्या."

मला तिला कुशीत घ्यायचं होतं. बाहेरून काहीतरी आणते, बस, असं म्हणायचं होतं. पण माझा हात झाकणावर गेला, झाकण खाली दाबलं, कडी लावली. आणि माझ्या तोंडून तेच शब्द आले, जसेच्या तसे.

"संपलं गं बाळा... डबा रिकामा हाय."

"वास येतोय..."

माझी बोटं कडीवरून सुटेनात. आत पंचांनी शेवटच्या फेरीची घंटा वाजवली. तिनं समजूतदारपणानं मान हलवली. रागावली नाही, रुसली नाही. माझ्या पोटची पोर, जन्मल्यापासून मला आई म्हणणारी, वळता वळता म्हणाली,

"बरं, मावशी."